बारा आठवडे 'शास्त्र की बुद्धी' कोर्स केला: साडेतीन स्टार, क्विझला मात्र भोपळा

पाचपैकी साडेतीन. ज्यांना तेवढंच हवं होतं त्यांनी इथूनच सटकलं तरी चालेल, बाकीच्यांनी जरा बूड टेकून बसा कारण मी बारा आठवडे डोकं खपवलंय आणि ते सगळं आता तुमच्यावर निघणार आहे.

कोर्स ऑनलाइन, रेकॉर्डेड. विषय एकच, ख्रिस्ती नीतिशास्त्रात शेवटचा शब्द कोणाचा, पवित्र शास्त्राचा की माणसाच्या बुद्धीचा. बारा मॉड्यूल, दर मॉड्यूलला साधारण पाऊण तासाचा व्हिडिओ, वाचायला एक मूळ उतारा, शेवटी क्विझ. शिवाय तीन निबंध आणि ते तपासायला एक ट्यूटर. कोर्सचं नाव देत नाही कारण पुढे बरीच किरकिर आहे आणि मला कुणाशी पंगा नकोय.

घेतला का ते सांगते, नाहीतर मी कशाला साडेतीन दिले ते कळणार नाही. आई शेवटी व्हेंटिलेटरवर होती. डॉक्टर म्हणाले आता यातून बाहेर येणं नाही, मशीन चालू आहे तोवर छाती वरखाली होत राहील एवढंच. मामा म्हणाला, "खून करू नको ही आज्ञा आहे, मशीनला हात लावायचा नाही, विषय संपला." ताई म्हणाली, "मामा, देवाने डोकं पण दिलंय ना." मग आयसीयूबाहेरच्या त्या खुर्च्यांवर दोघं एकमेकांकडे पाठ करून बसली आणि मी मधे, मामा बोलला की मामाला मान हलव, ताई बोलली की ताईला. ठरवायची वेळ आलीच नाही, आई त्याच रात्री गेली. पण तो प्रश्न काही गेला नाही, माझ्याच डोक्यात मुक्काम करून बसला. म्हणून हा कोर्स दिसल्यावर फार विचार न करता भरूनच टाकला.

सुरुवात बोगस आहे. पहिल्या मॉड्यूलच्या चित्रात एका बाजूला उघडं बायबल, दुसऱ्या बाजूला मेंदू आणि मधे वीज कडाडतेय, म्हणजे अगदी कुस्तीचं पोस्टर. व्हिडिओ पण त्याच थाटात. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरने १५४६ साली, मरायच्या महिनाभर आधी, एका प्रवचनात बुद्धीला सैतानाची वेश्या म्हटलं ते रंगवून रंगवून सांगितलंय. पण १५२१ मध्ये वर्म्सच्या सभेत सम्राटासमोर उभं राहून हाच माणूस म्हणाला होता की शास्त्राच्या साक्षीने किंवा स्पष्ट बुद्धीने मला चूक पटवून द्या, तोपर्यंत मी माघार घेणार नाही. हे वाक्य व्हिडिओत नाहीच! मला सापडलं कुठे तर त्यांनीच जोडलेल्या पीडीएफमध्ये. म्हणजे व्हिडिओ बनवणाऱ्याने स्वतःची पीडीएफ वाचली नाही असं धरायचं की कुस्तीचं पोस्टर बिघडेल म्हणून गाळलं असं धरायचं, तुम्हीच ठरवा.

तेव्हा माझा सल्ला, पहिलं मॉड्यूल सरळ सोडा आणि दुसऱ्यापासून सुरू करा. तिथे शिकवणारी बाई वेगळी आहे, आणि बाई जबरदस्त आहे. ती कुठल्याही तत्त्ववेत्त्यापासून सुरू करत नाही, बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातल्या मेंढरापासून सुरू करते. शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी हात वाळलेल्या माणसाला बरं करणं योग्य का, असं विचारणाऱ्यांना येशू कुठलं वचन काढून दाखवत नाही. उलटा प्रश्न टाकतो, तुमचं एकच मेंढरू शब्बाथाला खड्ड्यात पडलं तर तुमच्यातला कोण त्याला धरून वर काढणार नाही? आणि मेंढरापेक्षा माणूस किती मोलाचा आहे! बाई इथे व्हिडिओत थांबते, पाण्याचा घोट घेते आणि म्हणते, आता सांगा, हा युक्तिवाद शास्त्रातला आहे की बुद्धीचा? मी तेव्हा कपडे वाळत घालत ऐकत होते, हातात ओला टॉवेल तसाच राहिला.

त्याच मॉड्यूलमध्ये मामाची आज्ञा पण आली. आधी तर तिचा नंबरच एक नाही. कॅथलिक आणि लूथरन मोजणीत 'खून करू नको' पाचवी, बाकी बऱ्याच प्रोटेस्टंट चर्चेसमध्ये सहावी, कारण मूळ मजकुरात आकडे घातलेले नाहीत, दहा कशा पाडायच्या ते वाचणाऱ्यांनी ठरवलंय. मग तो मूळ हिब्रू शब्द, रात्साख. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या ३५व्या अध्यायात चुकून कुणाच्या हातून माणूस मेला तरी हाच शब्द येतो. आणि निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात ही आज्ञा आहे तर लगेच एकविसाव्यात अमुक गुन्ह्याला मृत्युदंड द्या असं लिहिलंय. म्हणजे कुठलं मारणं या आज्ञेत बसतं आणि कुठलं नाही हे दोन शब्दांच्या आज्ञेतून आपोआप निघत नाही, ताडून बघावंच लागतं. मामा पण ताडून बघतच होता, फक्त त्याला ते मान्य नव्हतं. (त्याला हे मी अजून बोललेले नाही.)

तिसरं मॉड्यूल थॉमस ॲक्वायनस. तेराव्या शतकातला कॅथलिक धर्मशास्त्री, आणि व्हिडिओ पण तेव्हापासून चालू असावा इतका लांबल्यासारखा वाटतो. पण सारांश कामाचा आहे. त्याच्या मते देवाची सगळी व्यवस्था म्हणजे शाश्वत नियम, त्यातला जो भाग माणूस स्वतःच्या बुद्धीने ओळखू शकतो तो नैसर्गिक नियम, आणि त्याचं पहिलं कलम, चांगलं ते करावं, वाईट ते टाळावं. आता हे ऐकून मला वाटलं हे तर कुणीही सांगेल, पण मुद्दा तोच आहे की कुणीही सांगू शकतं. आधाराला बायबलमधलं प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र, दुसरा अध्याय, जिथे तो म्हणतो की ज्या परराष्ट्रीयांकडे (म्हणजे यहुदी नसलेल्यांकडे) मोशेचं नियमशास्त्र नाही ते सुद्धा स्वभावतःच त्यातल्या गोष्टी करतात तेव्हा नियमशास्त्राचं काम त्यांच्या अंतःकरणात लिहिलेलं दिसतं. म्हणजे बुद्धीला अधिकार आहे हे कशावरून, तर शास्त्रात लिहिलंय म्हणून. यावर मी दोन दिवस हसत होते.

चौथ्याने मात्र डोकं फिरवलं. रिचर्ड हूकर, सोळाव्या शतकातला इंग्लंडचा धर्मशास्त्री. मॉड्यूलभर तीन पायांचं स्टूल दाखवलंय, शास्त्र, परंपरा, बुद्धी, तिन्ही पाय सारखे, आणि खाली लिहिलंय 'हूकरचं स्टूल'. हूकरने असलं काही स्टूल कधी लिहिलेलंच नाही, ते नंतरच्या लोकांनी त्याच्या नावावर खपवलंय. चर्चच्या व्यवस्थेवरच्या त्याच्या ग्रंथाच्या, १५९७ साली छापलेल्या पाचव्या खंडात तो क्रमच लावतो, शास्त्र जे स्पष्ट सांगतं त्याला पहिला मान, मग बुद्धीच्या जोरावर जे अनिवार्यपणे सिद्ध होतं त्याला, आणि त्यानंतर चर्चचा आवाज. तिन्ही पाय सारखे कुठे आहेत? पायरी आहे ती, पायऱ्या मोजा. हूकरचं भांडण प्युरिटन, म्हणजे इंग्लंडमधल्या कडव्या प्रोटेस्टंट लोकांशी होतं, त्यांचं म्हणणं की आयुष्यातल्या प्रत्येक कृतीला शास्त्राचा आधार पाहिजे, आणि मग गवताची काडी उचलायची तरी वचन शोधायचं का, इथपर्यंत तो वाद खरंच गेला होता. हूकरचं म्हणणं, शास्त्र ज्यासाठी दिलंय त्यासाठी पूर्ण आहे, पण देवाने शिकवायचे इतरही मार्ग ठेवलेत आणि बुद्धी त्यातला एक, ती वापरली म्हणून शास्त्राचा अपमान होत नाही. एवढी सुंदर गोष्ट हातात असताना फर्निचर कशाला दाखवायचं?

सबटायटल्सबद्दल इथेच सांगून टाकते. मशीनने केलेली आहेत आणि कुणी तपासलेली नाहीत. व्याजाच्या मॉड्यूलमध्ये 'यूझरी' (व्याज घेणं) हा शब्द सत्तर वेळा येतो आणि बऱ्याच ठिकाणी खाली 'युअर सॉरी' उमटतं. चर्चने शेकडो वर्षं 'युअर सॉरी'वर बंदी घातली होती म्हणे. ॲप पण मधूनच जागा विसरतं, बत्तिसाव्या मिनिटाला बंद करा आणि पुन्हा उघडा, परत शून्यावर. ज्यांना प्रवासात ऐकायचंय त्यांनी मिनिट कुठेतरी लिहून ठेवा.

पण तेच व्याजाचं मॉड्यूल, सहावं, हा अख्ख्या कोर्सचा कळस आहे आणि फक्त त्यासाठी मी एक स्टार जास्त दिलाय. पुन्हा तीच मेंढरूवाली बाई. तिने केलंय असं की पडद्यावर एका बाजूला वचनं, निर्गम २२, अनुवाद (हे बायबलमधल्या पुस्तकाचं नाव) २३, स्तोत्र १५, लूकच्या सहाव्या अध्यायातलं परत मिळायची आशा न धरता उसने द्या, आणि दुसऱ्या बाजूला बुद्धीचा युक्तिवाद. आणि गंमत बघा, मध्ययुगात दोन्ही बाजू एकच सांगत होत्या! शास्त्र म्हणतं व्याज नको, आणि ॲक्वायनस शास्त्राशिवायही सिद्ध करून दाखवतो, पैसा वापरला की खर्च होतो, मग पैसा आणि पैशाचा वापर या दोन्हीची वेगवेगळी किंमत लावणं म्हणजे एकच वस्तू दोनदा विकणं. १३११-१२ च्या चर्चच्या व्हिएन परिषदेने तर व्याज घेणं पाप नाही असं हट्टाने म्हणणाऱ्याला पाखंडी ठरवा असं सांगितलं. शास्त्र, बुद्धी, परंपरा, तिघांचं एकमत. स्टूल काय मस्त उभं होतं.

आणि तरी ते बदललं. कॅल्व्हिन या सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारकाचं १५४५ च्या सुमाराचं एक पत्र आहे, तेच वाचायचा उतारा म्हणून दिलंय, जरूर वाचा, छोटंसं आहे. तो म्हणतो पैसा वांझ आहे हे खरं कसं, घराला भाडं येतं तेव्हा काय भिंतीतून पैसे उगवतात का, पैशाने जमीन घेता येते आणि जमीन पिकते. मग वचनांकडे वळतो, लूकमधला मुद्दा गरिबाला उसने देण्याचा आहे, धंद्याला भांडवल देण्याचा नाही, आणि इस्राएलला दिलेला नियम त्या समाजाच्या व्यवस्थेचा होता. पण हात मोकळे सोडत नाही, गरिबाकडून व्याज घेऊ नका, आणि आपल्याशी इतरांनी जसं वागावं असं वाटतं तसंच इतरांशी वागा या ख्रिस्ताच्या नियमात बसत नसेल तर घेऊ नका. बाईचा प्रश्न, कॅल्व्हिनने शास्त्र सोडून बुद्धी धरली का? तिचं उत्तर, नाही, त्याने पैसा म्हणजे काय हे नव्याने बघितलं आणि मग तेच वचन परत वाचलं. दुसरीकडे रोममध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट १७४५ सालीही फक्त कर्ज दिलं म्हणून मूळ रकमेपेक्षा जास्त घेणं हे पापच असं लिहीत होते, मात्र इतर कारणांनी योग्य मोबदला घेता येतो ही फट ठेवून. मला ही फट फार आवडली. माझं स्वतःचं होमलोन चालू आहे, त्यामुळे हे मॉड्यूल मी जरा वैयक्तिक घेतलं असेल.

सातवं गुलामगिरीचं, आणि ते बघताना चहा पिऊ नका, जाणार नाही. मला भाबडेपणाने वाटायचं की गुलामगिरीवाले बायबल दाखवत होते आणि विरोधक बुद्धी दाखवत होते. तसं नाहीच. १५५० मध्ये स्पेनमधल्या वायादोलिदला, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना कसं वागवावं यावर, सेपुल्वेदा हा विद्वान आणि रहिवाशांची बाजू घेणारा बिशप लास कासास यांचा वाद झाला, तिथे सेपुल्वेदाने ॲरिस्टॉटल काढला, काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात म्हणून, म्हणजे चक्क बुद्धीच्या नावाने. तीनशे वर्षांनी अमेरिकेत उलट चित्र, दक्षिणेचे पाळक इफिसकरांस पत्रातलं 'दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा' उघडून बसायचे, पौलाने अनेसिम या दासाला त्याचा धनी फिलेमोन याच्याकडे परत पाठवलं ते दाखवायचे. आणि विरोधकांकडेही वचन होतंच, अनुवाद २३, धन्याकडून पळून आलेला दास तुझ्याकडे आला तर त्याला धन्याच्या हवाली करू नको. १८५० मध्ये पळालेल्या गुलामांना परत देण्याचा कायदा झाला तेव्हा हे वचन गळ्यात अडकल्यासारखं झालं, तर मोझेस स्टुअर्ट नावाचा बायबलचा मोठा प्राध्यापक, स्वतः उत्तरेकडचा, म्हणाला की ते फक्त परदेशातून, मूर्तिपूजकांकडून पळून आलेल्या गुलामांबद्दल आहे. हे ऐकताना अंगावर काटा आला, कारण वाचण्यात चूक शोधायची म्हटली तर पटकन सापडत नाही, माणूस शिकलेला आहे, संदर्भ बघतोय, सगळं रीतसर करतोय. आणि निष्कर्ष असा. १८४४ ला मेथडिस्ट याच प्रश्नावर फुटले, १८४५ ला बाप्टिस्ट. सगळ्यांच्या हातात बायबल एकच.

या मॉड्यूलचा शेवट ऑगस्टीन या चौथ्या-पाचव्या शतकातल्या बिशपवर आहे, त्याचा नियम असा की शास्त्राचा जो अर्थ देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढवत नाही तो लावणाऱ्याला शास्त्र अजून समजलेलंच नाही. बाई प्रामाणिक आहे, लगेच म्हणते की हे पण पुरत नाही, गुलामाचा मालक सुद्धा म्हणायचा मी त्याच्यावर प्रेमच करतो. मग तिने फक्त एवढं विचारलं, अर्थ लावायच्या खोलीत गुलाम कधी बसला होता का? आणि व्हिडिओ संपला. मी त्यानंतर आयसीयूबाहेरच्या खुर्च्या आठवत बसले. आम्ही तिघं बोलत होतो. आईला आधी कधीतरी विचारायला हवं होतं.

आठवं, विसाव्या शतकातला स्विस धर्मशास्त्री कार्ल बार्थ, एकदम गंडलंय. १९३४ साली एमिल ब्रुनर या दुसऱ्या धर्मशास्त्र्याने निसर्गातूनही देवाची थोडी ओळख होते असं लिहिलं तर बार्थने उत्तराला शीर्षकच दिलं, 'नाही!' पण तो इतका का भडकला हे सांगायला हवं होतं. ते साल जर्मनीतलं आहे, रक्त आणि वंश हीच देवाने घालून दिलेली व्यवस्था असं म्हणणारे ख्रिस्ती तेव्हा चर्च ताब्यात घेत होते, आणि त्याच वर्षी त्यांच्या विरोधातल्या बार्मेनच्या जाहीरनाम्यात, जो बहुतांशी बार्थनेच लिहिला, चर्चने ऐकायचं ते एकच वचन, येशू ख्रिस्त, असं ठणकावून सांगितलंय. 'निसर्ग' आणि 'बुद्धी' म्हणून कोण काय आत घुसवतंय हे बघितल्यावर तो 'नाही' कळतो. कोर्सने त्याला नुसता चिडका म्हातारा करून टाकलाय, आणि तो तेव्हा पन्नाशीचा सुद्धा नव्हता.

आता क्विझ. नवव्या मॉड्यूलमध्ये गर्भनिरोधन शिकवलं, छान शिकवलं. १९३० मध्ये लंडनच्या लँबेथला जमलेल्या अँग्लिकन बिशपांनी काही अटींवर परवानगी दिली, १९३ विरुद्ध ६७ मतांनी. आणि १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांनी अधिकृत पत्र काढून कृत्रिम साधनांना नाही म्हटलं, त्यांच्याच आयोगातल्या बहुसंख्य लोकांचं मत उलट असताना. त्या पत्रातला मुख्य युक्तिवाद कसला, तर नैसर्गिक नियमाचा. म्हणजे बुद्धीला ओळखता येतो तो. हे शिकवून झाल्यावर क्विझमध्ये प्रश्न क्रमांक चार, 'गर्भनिरोधनाला विरोध करणारे मुख्यतः कशाचा आधार घेतात?' पर्याय दोनच, शास्त्र किंवा बुद्धी. मी बुद्धीला टिक केलं. लाल फुली. बरोबर उत्तर म्हणे शास्त्र. परत दिलं, परत फुली. मी ईमेल केला, आठ दिवसांनी उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आम्हाला मोलाचा आहे. पूर्ण क्विझ याच साच्यातली आहे, जुनं मत दिसलं की शास्त्र, नवं दिसलं की बुद्धी, डोळे मिटून टिक करत गेलात तर शंभर टक्के मिळतील आणि काही शिकला नाहीत हे पण तितकंच खरं.

ट्यूटरबाबतीत संमिश्र. तिसरा निबंध मी आईवर लिहिला. समासात शेरा आला, 'हा अनुभव आहे, युक्तिवाद नाही.' मी त्यांना नम्रपणे त्यांचंच पाचवं मॉड्यूल आठवण करून दिलं, मेथडिस्टांची ती चौकट, शास्त्र, परंपरा, बुद्धी आणि अनुभव, जी मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या नावाने ओळखली जाते पण त्या नावाने मांडली विसाव्या शतकात अल्बर्ट आउटलर या अभ्यासकाने, आणि पुढे त्यालाच ते नाव दिल्याचा पस्तावा झाला कारण लोक चारही बाजू सारख्या धरायला लागले. ट्यूटरचा मोठा मेल आला, मोकळेपणाने म्हणाले की शेरा घाईत लिहिला, पण अनुभव आधाराला घ्यायचा तर तो कुठल्या प्रश्नाला उत्तर देतोय ते लिहा. बरोबर होतं त्यांचं. परत लिहिला.

लिहिताना उपयोगी पडलं ते कोर्सच्या तळाशी 'ऐच्छिक वाचन' म्हणून टाकलेलं एक प्रकरण, ज्याचा व्हिडिओच नाही. खरं तर ते पहिलं मॉड्यूल हवं होतं. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया हा स्पॅनिश धर्मशास्त्री विचारत होता की जीव वाचवायला माणसाने किती करायला बांधील असावं, आणि म्हणत होता की आजाऱ्याला कोंबडीसारखं महागडं अन्नच खाल्लं पाहिजे अशी काही सक्ती नाही, माणसं सर्वसाधारणपणे जे खातात तेवढं पुरे. त्यातूनच पुढे साधारण उपाय आणि असाधारण उपाय असा फरक पडला. आणि २४ नोव्हेंबर १९५७ ला पोप बारावे पायस भूलतज्ज्ञांशी बोलताना नेमकं श्वासाच्या मशीनबद्दल बोलले, की माणूस, जागा, काळ यांच्या परिस्थितीत जे साधारण उपाय ठरतात त्यांचंच बंधन आहे, त्यापलीकडचे थांबवले तर तो जीव घेणं होत नाही. बायबलमध्ये व्हेंटिलेटर नाही. 'खून करू नको' आहे, आणि ते तसंच्या तसं शाबूत ठेवून चारशे वर्षं लोक त्यात काय बसतं काय नाही हे बघत आलेत. मी ते पान तीनदा वाचलं.

तर कोणी घ्यावा? ज्यांना पाळकांनी किंवा घरातल्यांनी एकच वचन तोंडावर फेकून गप्प केलंय त्यांनी घ्यावा, आणि ज्यांना वाटतं की धर्माची माणसं विचारच करत नाहीत त्यांनी तर नक्की. दोन, सहा, सात आणि ते ऐच्छिक वाचन, एवढं केलं तरी वसूल. पहिलं सोडा, आठवं दुसरीकडे वाचा, क्विझ डोळे मिटून उरका. पीडीएफ आधी उतरवून घ्या, कोर्स संपल्यावर महिन्याभरात दार बंद होतं.

मी ते व्हितोरियाचं प्रकरण मामाला पाठवलंय, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून. ताई म्हणाली मला पण पाठव. मामाचा फोन आला होता परवा, कोंबडीपर्यंत पोचलोय म्हणाला.